कॅटेकिझम (चर्चचं धर्मशिक्षण) शिकवायला घेतलंय? मग आधी हे वाचा

आमच्या वसईत मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) सुटल्यावर फादरांनी गाठलं की सुटका नाही, "पहिल्या कम्युनियनची पोरं तूच घे", म्हणजे पवित्र भाकर पहिल्यांदा घ्यायची तयारी करणारी, झालं, पुढच्या रविवारी तुम्ही टीचर. मीही तशीच अडकले. पुस्तक पाठ करून गेले, दहा आज्ञा तोंडावर, आणि तिसऱ्याच रविवारी एका पोराने विचारलं, "टीचर, प्रवचन चालू होतं तेव्हा तुम्ही मोबाईलवर काय बघत होता?"

थाप तयार होती खरं तर. पण म्हटलं, चुकलं माझं, भावजयीचा मेसेज होता. वर्ग एकदम चिडीचूप. त्या दिवशी कुमसारावरचा, म्हणजे फादरांकडे पाप कबूल करण्यावरचा धडा होता आणि तो मला वेगळा शिकवावाच लागला नाही, म्हणून पहिली गोष्ट हीच की चूक झाली तर पोरांसमोरच कबूल करा, नंतर गुपचूप नको.

दुसरं, मिस्सेला त्यांच्यातच बसा. त्यांना आत पाठवून बाहेर गप्पा मारत उभे राहणारे टीचर पोरं बरोब्बर ओळखतात. योहानच्या शुभवर्तमानात 13 व्या अध्यायात बघा, येशूने आधी शिष्यांचे पाय धुतले आणि मग बसून समजावलं की मी तुम्हाला उदाहरण घालून दिलंय, आपण नेमकं उलटं करतो, आधी लेक्चर आणि धुवायची वेळ आली की घाई. वर्ग संपल्यावर बाकडी पोरांना लावायला सांगता ना? एक टोक स्वतः धरा.

आता अवघड प्रश्न. गणपतीत हमखास येतो, "मित्राकडचा प्रसाद खाल्ला तर पाप लागतं का?" इथे घाबरवू नका आणि मित्राच्या देवाला नावं तर अजिबात ठेवू नका, तो मित्र शेजारच्याच आळीत राहतो आणि तुमचं बोलणं संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी पोचतं. अशाच खाण्यावरून करिंथ शहरातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीतही वाद झाला होता, प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 8 वा अध्याय वाचून जा. तरी अडलात तर "मला माहीत नाही, फादरांना विचारून सांगते" म्हणा, पण मग पुढच्या रविवारी खरंच सांगा, पोरं विसरत नाहीत.

एक गोष्ट मात्र गमतीवारी नेऊ नका. कुठल्याही मुलाला एकटं बंद खोलीत थांबवायचं नाही, दार उघडं, शक्यतो दुसरा टीचर सोबत. आणि घरी मार बसतो असं कुणी सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही, पाळूही नये.

मोबाईल मी आता घरीच ठेवते. वर्गात घड्याळ नाही त्यामुळे परवा दहा मिनिटं जास्त झाली आणि पोरं वैतागली, क्रिकेटची मॅच होती म्हणे.