लेव्हल जुळवायला सुरुवात क्लीन पॅचपासून करा

डिजिटल मल्टी-इफेक्ट्स युनिटवर (अनेक इफेक्ट्स आणि ॲम्पचे टोन एकत्र देणारा गिटारचा डबा) पॅच, म्हणजे साठवून ठेवलेला टोन, बदलला की आवाज अंगावर येतो, नाहीतर गिटार बँडमध्ये गायब होते. दोष क्वचितच युनिटचा असतो. सहसा गेन आणि व्हॉल्यूम एकच समजून जागोजागी नॉब फिरवलेले असतात. गेन ठरवतो सिग्नल पुढच्या टप्प्यावर किती जोरात आदळणार, म्हणजेच टोन किती फाटणार. व्हॉल्यूम ठरवतो शेवटी किती ऐकू येणार. फाटलेल्या टोनवर ॲम्प ब्लॉकचा (युनिटमधल्या ॲम्पच्या नकलेचा) ड्राइव्ह, म्हणजे गेन, वाढवला तर आवाज फारसा वाढत नाही, फक्त जास्त चेपला जातो.

आधी इनपुट. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, सर्वांत जोरकस पिकअप निवडा आणि सहाही तारांवर प्रत्यक्ष वाजवताना जितका जोर लावता तितकाच लावा. हळूच छेडून केलेली तपासणी कामाची नाही. इनपुट मीटर -12 ते -6 डीबीएफएसच्या (डिजिटल लेव्हलचं माप) दरम्यान उसळला की झालं. 0 हे छत आहे आणि डिजिटलमध्ये त्याच्यावर काहीच नसतं. तिथे लहरीचा माथा सरळ कापला जातो आणि ती खरखर नंतर कुठलाही नॉब फिरवून जात नाही. ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) पिकअप किंवा गरम, म्हणजे जोरकस सिग्नलच्या, हंबकर पिकअपमुळे लाल दिवा लागत असेल तर इनपुट पॅड (येणारा सिग्नल कमी करणारी सोय) लावा. पॅड लावल्यावर ॲम्पचा ड्राइव्ह कमी वाटला तर तो थोडा वाढवून घ्या. मीटर जरा खाली राहिला म्हणून घाबरू नका: 24 बिटची सैद्धांतिक रेंज सुमारे 144 डेसिबल असते, त्यामुळे वरची मोकळी जागा फुकटच मिळते.

आता मुख्य काम. पहिला पॅच क्लीनच का? क्लीन टोनमध्ये तार छेडतानाचा ठोका उंच उसळतो आणि लगेच खाली येतो. डिस्टॉर्शनमध्ये हे ठोके आधीच चेपलेले असतात, म्हणून तेवढाच मोठा ऐकू येणारा पॅच मीटरवर बराच खाली दिसतो. डिस्टॉर्शनचा पॅच 0 च्या जवळ लावून ठेवलात, तर क्लीन त्याच्या बरोबरीला येण्याआधीच छताला आपटतो. सगळे पॅच मीटरवर सारखे दिसेपर्यंत लावणं ही नेहमीची चूक, आणि त्यात क्लीन दरवेळी बारीक पडतो.

म्हणून क्लीन पॅचमध्ये कंप्रेसर (ठोके चेपणारा इफेक्ट) बंद ठेवून जोरात वाजवा आणि आउटपुटचे ठोके -12 डीबीएफएसच्या आसपास ठेवा. मग त्याच्याशी बाकीचे पॅच कानाने जुळवा. दोन पॅचमध्ये तोच तुकडा पाच-पाच सेकंद आलटून पालटून वाजवा. फरक ॲम्प ब्लॉकच्या चॅनल व्हॉल्यूमने किंवा शेवटच्या आउटपुट ब्लॉकने काढा, ड्राइव्हला हात लावू नका. यूएसबीवरून रेकॉर्ड करून लफ्स मीटरवर (LUFS, कानाला किती मोठं वाटतं त्याचं माप) आकडे पाहिले तर जवळपास पोचता येतं, पण शेवटचे एक-दोन डेसिबल कानानेच ठरतात, कारण वरच्या मिड्समध्ये भरलेला टोन जास्त पुढे येतो.

ही जुळवणी स्पीकरवर आणि शक्यतो वाजवायच्याच आवाजात करा. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये मोजून दाखवलं की कमी आवाजात कानाला बेस आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. खोलीत हेडफोनवर भरघोस वाटलेला पॅच मंचावर म्हणूनच गुबगुबतो.

एकेक इफेक्ट चालू-बंद करून पाहा. आवाज तेवढाच राहायला हवा. ॲम्पच्या आधीचा ओव्हरड्राइव्ह मात्र याला अपवाद आहे. सोलोचा बूस्ट ॲम्प आणि कॅबिनेटच्या नंतर ठेवा, 3 ते 4 डेसिबल पुरतात. ॲम्पच्या आधी ठेवला तर क्लीनवर आवाज वाढेल, पण फाटलेल्या टोनवर फक्त सस्टेन वाढेल.

बाहेर पडतानाची लेव्हलही बघा. ॲम्पच्या पुढच्या इनपुटला इन्स्ट्रुमेंट, मिक्सरच्या लाइन इनपुटला किंवा पॉवर्ड स्पीकरला लाइन. प्रोफेशनल लाइन +4 डीबीयू, म्हणजे सुमारे 1.23 व्होल्ट, घरगुती -10 डीबीव्ही, म्हणजे 0.316 व्होल्ट, फरक जवळजवळ 12 डेसिबल. लाइन लेव्हल ॲम्पच्या इनपुटला दिली तर क्लीनही चिखल होतो. उलट केलं तर मिक्सरवर गेन ओढावा लागतो आणि हिस्स वर येते. मिक्सरच्या माइक इनपुटला जात असाल तर एक्सएलआर आउटपुट माइक लेव्हलवर ठेवा आणि फँटम पॉवर (मिक्सर माइकला केबलमधून देतो ती वीज) बंद करून घ्या. फोर-केबल जोडणीत (युनिट चार केबलने ॲम्पच्या आधी आणि ॲम्पच्या इफेक्ट लूपमध्येही जोडतात ती) युनिटचे सेंड आणि रिटर्न एका छोट्या केबलने थेट जोडून लूप ब्लॉक चालू-बंद करा. आवाज बदलला तर सेंड-रिटर्नची लेव्हल चुकलेली आहे.

खरखर आली तर शेवटाकडून मागे या, कारण एखादा टप्पा कमी केला की त्याच्या पुढचे सगळे टप्पेही हलके होतात आणि दोषी कोण ते कळत नाही. आधी मिक्सरचा गेन कमी करा. खरखर गेली तर दोष तिथेच. नाही गेली तर युनिटचा आउटपुट ब्लॉक कमी करा. तरीही राहिली तर इनपुट. आउटपुट फाटत असेल तर पहिला संशय ग्लोबल ईक्यूवर (सगळ्या पॅचना लागू होणारं बेस-ट्रेबलचं सेटिंग) घ्या: शेवटी दिलेले बेसचे 6 डेसिबल व्होल्टेज दुप्पट करतात. त्यानंतर जास्त फीडबॅकचा डिले, रेझोनन्स चढवलेला वाह आणि बदललेली कॅबिनेट आयआर (स्पीकर कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल). आयआर बदलली की लेव्हल हमखास हलते.

मास्टर नॉब अर्ध्याच्या थोडा वर ठेवून टेपने खूण करा. मंचावर एकूण आवाज फक्त त्यानेच बदला, म्हणजे पॅचचा आपसातला तोल टिकतो. आणि मोनोत वाजवणार असाल तर जुळवणीही मोनोत करा: स्टिरिओ कोरस किंवा पिंग-पाँग डिलेच्या डाव्या-उजव्या बाजू एकत्र आल्या की काही स्वर एकमेकांना खातात, आणि हेडफोनवर लावलेली लेव्हल तिथे लागू पडत नाही.