इंजिनचं बेअरिंग घेताना नुसता नंबर बघू नका
छोटं इंजिन खोललं की जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचायचा आणि तोच मागायचा असं बरेच जण करतात, पण ६२०३ म्हटलं की फक्त माप कळतं, म्हणजे आतलं भोक १७, बाहेरून ४० आणि रुंदी १२ मिमी, खरी गंमत त्या नंबरनंतर लिहिलेल्या अक्षरांत असते.

क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य शाफ्टच्या) बेअरिंगवर बहुतेक वेळा सी३ लिहिलेलं असतं, म्हणजे आतल्या बॉलना नेहमीपेक्षा जरा जास्त खेळ. शाफ्टवर टाइट बसवलं आणि इंजिन तापलं की तो खेळ कमी होतो, म्हणून तिथे साधं बेअरिंग टाकलं तर ते आवळतं आणि लवकर जातं. नवीन सी३ हातात किंचित ढिलं वाटेल, म्हणून खराब समजून परत करू नका (मी एकदा केलंय 😅).

दुसरं म्हणजे क्रँककेसच्या (क्रँक ज्यात फिरतो त्या पेटीच्या) आत रबर सीलवालं बेअरिंग नको, टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमधलं ऑइलच त्याला मिळतं आणि सील ते अडवतं. मूळचंच सीलवालं असेल तर गोष्ट वेगळी, तसंच घ्या. केज (बॉल जागेवर धरणारा पिंजरा) शक्यतो स्टीलचा, प्लास्टिकचा असेल तर तो उष्णतेला चालणारा आहे का ते बघा.

आणि जुन्यावर काहीच वाचता येत नसेल तर व्हर्नियरने तिन्ही मापं घ्या, पण सी३ मापात दिसत नाही, त्यासाठी पार्ट्स मॅन्युअलच बघावं लागतं.