पुढच्या व्हर्जनचं नाव आधीच कसं ओळखायचं (पैज लावायची असंल तर नक्की वाचा)

आमच्या परभणीत सोयाबीनचं बियाणं आणायला गेलं की एक जण एमएयूएस 71 मागतो अन् दुसरा समृद्धी मागतो, वाण एकच. कॉम्प्युटरच्या सिस्टीमचं पण तसंच आहे बगा, बाहेर आकडा असतो अन् आतल्या लोकांच्या तोंडात दुसरंच नाव असतं. हे दुसरं नाव जाहीर व्हायच्या आधी ओळखायचा मला अन् माझ्या दोन मित्रांना लई वर्षांपासून नाद आहे, पैज एक प्लेट सुशीला (आमच्याकडची मुरमुऱ्याची न्याहारी) अन् चहा. हरून हरून जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, नाव ओळखायच्या मागं लागू नका. बारशात आत्या कोण आहे ते कळलं की नाव अर्धं कळतं, तसं नाव ठेवणाऱ्याची खोड पकडा. त्याच्यासाठी जुनी नावं वहीत एकाखाली एक लिहून काढा, मोबाईलवर स्क्रोल करून ते दिसत नाही.

सुरुवात उबंटूवर करा, ही फुकटात मिळणारी लिनक्स सिस्टीम, सोपं आहे. आकडा म्हणजे वर्ष अन् महिना, 4.10 म्हणजे 2004 चा ऑक्टोबर, त्याचं नाव वॉर्टी वॉर्टहॉग. एक विशेषण, एक प्राणी, दोघांचं पहिलं अक्षर सारखं. पहिली तीन नावं कशीही आली पण 2006 च्या डॅपर ड्रेकपासून एबीसीडी जी लागली ती सरळ झेडपर्यंत, 17.04 ला झेस्टी झेपस. तेव्हा मी छातीठोक सांगितलं होतं की आता प्राणी संपले, झाडं येतील. आलं काय, आर्टफुल आर्डवार्क, परत ए पासून. माझी पहिली प्लेट तिथंच गेली.

तर अक्षर फुकट मिळतं, आता काटाकाटी करायची. त्या अक्षराचा आधी येऊन गेलेला प्राणी काटा, तो परत येत नाही. एच तीनदा आला, हेजहॉग, हेरॉन, हिप्पो, तिन्ही वेगळे. मग सगळ्यांना माहीत असलेला प्राणी यादीत खाली टाका, ह्यांना कोपऱ्यातले प्राणी आवडतात, मादागास्करचे फोसा अन् इंद्री, ऑस्ट्रेलियाचे नंबॅट अन् क्वोका. गोरिला पण येऊन गेलाय म्हणून पूर्ण काटू नका, नुसतं खाली टाका. अन् प्राणी खराच असला पाहिजे असं पण नाही, युनिकॉर्न, वेअरवुल्फ, मिनोटॉर हे सगळे झालेत.

विशेषणात खरी गंमत आहे. सम वर्षाच्या एप्रिलमधी जे येतं ते एलटीएस, म्हणजे वर्षानुवर्षं सांभाळायचं व्हर्जन, त्याला बहुतेक वेळा भारदस्त विशेषण देतात, प्रिसाईज, ट्रस्टी, नोबल. मधल्या व्हर्जनला मात्र सॉसी, डिस्को, ग्रूव्ही असलं काहीबी चालतं. 22.04 ला जॅमी ठेवून त्यांनी माझा हा नियम मोडला ते सोडा.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते बगा. 25.10 ला क्वेस्टिंग क्वोका होता, म्हणजे 26.04 ला आर. आरचा जुना रिंगटेल काटला. एलटीएस आहे म्हणून भारदस्त विशेषण. मी मेडिकलच्या बिलामागं लिहिलं रोबस्ट रॅकून, एकानं लिहिलं रॉयल ऱ्हायनो, तिसऱ्यानं रेडी रॅबिट, बिलाचा फोटो ग्रुपवर टाकला म्हणजे नंतर कोणी पलटायला नको. निघालं रेझोल्यूट रॅकून. प्राणी माझा बरोबर, विशेषणाची जात बरोबर, शब्द चुकला, तर आता पूर्ण प्लेट द्यायची का अर्धी ह्याच्यावर अजून भांडायलेत. म्हणून आधीच ठरवून घ्या, प्राण्याला किती अन् विशेषणाला किती. एसची तयारी करायची असंल तर सॅलमँडर काटा अन् बसा.

विंडोजची खोड वेगळी, तिथं नकाशा लागतो. एक्सपीचं आतलं नाव व्हिसलर होतं अन् त्याच्या नंतरच्या मोठ्या व्हर्जनसाठी ब्लॅककोम ठरलं होतं, हे कॅनडातले शेजारी शेजारी डोंगर. मग मधीच एक व्हर्जन घुसवायचं ठरलं त्याचं नाव लाँगहॉर्न, तेच पुढं व्हिस्टा झालं, अन् लाँगहॉर्न म्हणजे काय तर तिथल्या डोंगराच्या पायथ्याचा बार! एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाता जाता थांबायचं ठिकाण. हे ज्याला आधी सुचलं असतं त्याला मी स्वतः हंडाभर सुशीला दिली असती.

नंतर ते दहावीच्या पुस्तकात शिरले, आवर्त सारणीत. मँगनीज, आयर्न, कोबाल्ट, निकेल, कॉपर, झिंक, गॅलियम, जर्मेनियम, अणुक्रमांक 25 पासून 32 पर्यंत ओळीनं. कोबाल्ट म्हणजे पहिलं विंडोज 11, जर्मेनियम म्हणजे 24एच2, 2024 च्या दुसऱ्या सहामाहीचं व्हर्जन. खोटं वाटत असंल तर 24एच2 च्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, बिल्डलॅब-ईएक्स नावाची नोंद उघडा, लांबलचक आकड्यांच्या मधी जीई रिलीज असं दिसतंय, ते जीई म्हणजे जर्मेनियम. अन् हे मूलद्रव्याचं नाव जर्मनीवरून पडलंय, म्हणजे जगात जर्मनी, भारतात परभणी, तो आठवडा आम्ही असे फिरत होतो जसं काय विंडोज इथंच बनलंय. पण ओळ आंधळेपणानं मोजू नका. 24 नंबरला क्रोमियम येतं, ते नाव ब्राऊझरच्या प्रोजेक्टचं आहे म्हणून त्याच्या जागी व्हायब्रेनियम घेतलं, असा धातू पृथ्वीवर नाहीच, कॉमिक्समधला आहे. जर्मेनियमच्या पुढं आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल. लेकराचं नाव सोमल कोण ठेवतं का? असलं नाव दिसलं की गाळा अन् पुढच्यावर पैज लावा.

ॲपलच्या मॅकला आधी वाघ-बिबटे होते, 2013 च्या मॅव्हरिक्सपासून कॅलिफोर्नियातल्या जागा सुरू झाल्या. इथं दोन गोष्टी बगायच्या. एक, आधीच्या नावाच्याच घरातलं नाव आलं की समजायचं ह्या वर्षी नवीन कमी अन् डागडुजी जास्त, लेपर्डनंतर स्नो लेपर्ड, योसेमिटीनंतर एल कॅपिटन जो योसेमिटीमधलाच कडा आहे, सिएरानंतर हाय सिएरा. दुसरी, ट्रेडमार्कचे अर्ज. 2014 च्या सुमाराला कोणी ऐकल्या नव्हत्या अशा कंपन्यांच्या नावानं कॅलिफोर्नियातल्या जागांचे ढीगभर अर्ज सापडले होते, त्यातली मोजावे, मॉन्टेरे, सोनोमा, सिक्वोया अशी कितीतरी नावं पुढं खरंच आली. म्हणजे यादी दहा वर्षं आधी उघडी पडलेली, नुसता नंबर कोणाचा ते सांगायचं.

लिनक्स मिंटला बाईचं नाव अन् शेवटी आ, त्यात माया अन् उमा पण येऊन गेल्या. अक्षर पुढं सरकतं पण उडी पण मारतं, 22.1 ला झिया (इंग्रजीत एक्सनं) अन् 22.2 ला डायरेक्ट झेडची झारा, वाय गायब. फेडोरा पण लिनक्सच, त्याचं तर गाण्याच्या भेंड्यांसारखं होतं, पुढच्या नावाचा मागच्याशी कायतरी संबंध पाहिजे, 19 ला श्रोडिंगर्स कॅट तर 20 ला हायझेनबग, दोन्ही फिजिक्सवाल्यांच्या नावावरून. तिथंच त्यांनी नावं ठेवणं बंद केलं, कामून केलं काय माहीत, मजा गेली.

अँड्रॉइडवर मी तोंडावर आपटलोय. तिथं एबीसीडीनं गोड पदार्थांची नावं यायची. के अक्षर होतं, आतल्या खुणा सगळ्या ‘की लाइम पाय’ ह्या नावाकडं बोट दाखवत होत्या, मी दोन प्लेट लावल्या अन् 2013 च्या सप्टेंबरात नाव आलं किटकॅट. खुणा खोट्या नव्हत्या, चॉकलेटवाल्यांसोबत गुपचूप ठरलं. जाहिरातीचा वास आला की पैज अर्ध्यावर आणा.

आपल्या सीडॅकच्या बॉस लिनक्सवर लावूच नका. दृष्टी, उन्नती, ऊर्जा, नावं गोड आहेत पण अक्षराला ओळ नाही, कोणतं बी येऊ शकतं.

अन् डेबियनवर, ही पण लिनक्सच, कोणी पैज लावायला आलं तर आधी त्याच्या तोंडाकडं बगा. तिथं नावं टॉय स्टोरी पिक्चरमधल्या खेळण्यांची असतात अन् ती व्हर्जनच्या कितीतरी आधी सांगून टाकतात. आमच्यातला एक जण एवढा साधा चेहरा करून म्हणला, 13 चं ट्रिक्सी झालं, चौदाचं काय असंल रे, लाव दोन प्लेट. मी वही काढून उरलेली खेळणी मोजत बसलो, अन् फोर्की हे नाव कधीच जाहीर होऊन बसलेलं.