पहिली गोधडी: एक जुनी साडी, चार थर

पहिलीच गोधडी पलंगाच्या मापाची काढली, तर ती बहुधा अर्धवट शिवलेली बोचक्यात जाऊन पडते. म्हणून सुरुवात बाळाच्या दुपट्यापासून करा. तयार माप 84 बाय 99 सेंमी, थर चार. वरचा आणि खालचा थर 90 बाय 105 सेंमीचा कापायचा, आतले दोन 84 बाय 99 चे. साडेपाच मीटरच्या एका सुती साडीत हे सगळं बसतं. पदर आणि काठ काढूनही ठिगळांपुरतं कापड उरतं. काठ फारच रुंद असतील तर माप थोडं कमी करा, पण जरीचा काठ आत दडपू नका. सुई अडते आणि अंगाला टोचतं ते वेगळंच.

जुनेर निवडताना दोन परीक्षा घ्या. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून आधी उभ्या, मग आडव्या धाग्यावर झटका द्या. फाटलं तर ते कामाचं नाही, कारण टाक्याच्या भोकांपासूनच ते पुढे चिरत जाईल. नुसतं विरलेलं असेल तर आतल्या थरात चालतं. दुसरी परीक्षा रंगाची: ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडक्यावर रंग उतरला तर तो तुकडा बाद. सिंथेटिक साडी सुतीत मिसळू नका. ती शिवताना सरकते, आणि पहिल्या धुण्यात सुती आटतं, ती आटत नाही, मग सगळीकडे चुण्या पडतात. नवं कापड वापरायचं झालंच, तर आधी धुऊन, खळ काढून, इस्त्री करून घ्या.

सुई पाच-सहा सेंमी लांब, मोठ्या नेढ्याची हवी. दाभण नको, त्याने भोकं पडतात. जाड सुती दोऱ्याची शंभर मीटरची रीळ, मेणाचा तुकडा, टेलरचा खडू आणि मधल्या बोटाला सुई टोचू नये म्हणून अंगुस्तान (बोटाची टोपी), एवढं पुरे. बॉलपेनने रेषा आखू नका, धुतल्यावर शाई पसरते.

ठिगळं लावायची असतील तर थर मांडायच्या आधीच वरच्या कापडावर लावून टाका. कडा अर्धा सेंमी आत दुमडून, इस्त्री फिरवून, बारीक टाक्यांनी.

आता मांडणी. गोधडी सपाट होणार की फुगे धरणार हे इथे ठरतं, धावदोऱ्यात म्हणजे पुढच्या वर-खाली टाक्यांच्या शिवणीत नाही. फरशी स्वच्छ पुसा. खालचा थर उलटी बाजू वर करून पसरा आणि कडा फरशीच्या सांध्यांना समांतर लावा. चारही कोपरे चिकटपट्टीने बसवा: सुरकुती राहू नये, पण कापड ताणलंही जाऊ नये. ताणून बसवलेला थर पट्टी काढताच आखडतो आणि वरच्या थरांना झोळ येतो. त्यावर आतले दोन थर, चहूबाजूंनी तीन सेंमी जागा सोडून. आतल्या थराचे दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येकी सुमारे 130 सेंमी भरले तर काटकोन बरोबर. एक-दोन सेंमीचा फरक आला तर सरकवून घ्या. शेवटी वरचा थर, सुलटी बाजू वर.

थर हलू नयेत म्हणून आधी कच्चे टाके, म्हणजे शेवटी काढून टाकायचे तात्पुरते टाके, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, चार-पाच सेंमी लांब घाला. पहिली ओळ मधोमध उभी, दुसरी मधोमध आडवी, आणि प्रत्येक वेळी मध्यापासून कडेकडे. मग दहा-बारा सेंमीवर समांतर ओळी. कापड उचलायचं नाही. डावा तळवा सपाट दाबून सुरकुत्या बाहेर ढकलत जायचं, सुईचं टोक फरशीला लागून आपोआप वर येतं. या कामाला तास-दीड तास लागला तरी घाई करू नका. इथला कंटाळा पुढे ओळीच्या ओळी उसवायला लावतो. आता पट्ट्या काढून खालची कड आतल्या थरांवर दुमडा, वरची आत वळवा आणि दोन्ही कडा जुळवून कच्च्याच शिवून ठेवा.

बऱ्याच बायका काठापासून सुरू करून चौकोनात आत आत शिवत जातात. ती गोधडी सुंदर दिसते, पण राहिलेला सगळा झोळ मध्यावर गोळा होतो आणि तिथे तो जिरवायला सरावाचा हात लागतो. नवख्याने मधल्या रेषेपासून दोन्हीकडे आळीपाळीने सरळ ओळी घालाव्यात, दोन-दोन सेंमीवर.

दोरा हातभरच घ्या; लांब दोरा गुंततो आणि पुन:पुन्हा ओढून पिंजतो. तो मेणावरून एकदा फिरवा. गाठ वरच्या थराखाली ओढून लपवा. सुईवर तीन-चार टाके भरून मग ओढा. वर अर्धा सेंमी, खाली अर्धा सेंमी. बाळाच्या दुपट्याला याहून लांब टाका नको, त्यात बोटं अडकतात. खाली डाव्या हाताच्या बोटाला सुईचं टोक प्रत्येक टाक्याला लागलंच पाहिजे. लागलं नाही तर खालचा थर सुटला समजा. आठ-दहा टाक्यांनंतर ओळीवरून अंगठा दाबत न्या. दोरा आवळलेला असेल तर चुण्या सपाट होतात, सैल असेल तर लगेच कळतं. दोरा संपताना दोन टाके मागे घेऊन शेपूट थरांमधून चार सेंमी फिरवा आणि कापा.

चाळीसेक ओळी आणि चार हजारांच्या आसपास टाके होतात, दोरा साठ मीटरच्या घरात जातो. काठ शेवटी: कडेपासून अर्धा आणि दीड सेंमीवर दोन ओळी. मधला झोळ सरकत कडेला आलाच असेल तर आधी कड उसवून नव्याने दुमडा. मग कच्चे टाके काढा.

धुताना थंड पाणी, पिळायचं नाही; दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा, एकाच दोरीवर सगळं वजन नको.

मोठी गोधडी, 150 बाय 225 सेंमीची, चार थरांना तीन साड्या घेते. तिथे थर जोडूनच करावा लागतो, तेव्हा प्रत्येक थराचा जोड किमान वीतभर बाजूला सरकवा. सगळे जोड एकाखाली एक आले तर तिथे वळ उठतो आणि सुई जात नाही.