पुराची जागा पिण्याच्या पाण्याला देण्याआधी

एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी कमी झालं की कुणीतरी विचारतंच, “धरणात पुरासाठी जागा मोकळी ठेवता, ती भरून का घेत नाही?” प्रश्न रास्त आहे. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्याची, धरणांच्या कामात माझी हयात गेली. ती जागा पिण्याच्या पाण्याला देता येईल का, याचा अभ्यास कसा करायचा ते नव्या पोरांना सांगते.

आधी सांडवा बघा, म्हणजे धरणातलं जादा पाणी बाहेर पडण्याची वाट. आमच्या अंजुणे धरणाला दरवाजे आहेत, तिथे पाणी किती धरायचं ते माणूस ठरवतो. गोव्यातल्याच साळावली धरणाचा सांडवा बदकाच्या चोचीसारखा, बिनदरवाजाचा, पातळी ४१.१५ मीटरच्या वर गेली की पाणी आपसूक उतरतं. तिथे जास्त साठवायचं तर सांडव्याचा माथाच उंचवावा लागेल, आणि धरण बरंचसं मातीचं. भरावावरून पाणी वाहिलं तर धरणच जातं. म्हणून तिथे आधी धरणाच्या सुरक्षेचा अभ्यास, पाण्याचा नंतर.

मग क्षमतेचा तक्ता, म्हणजे कोणत्या पातळीला किती पाणी मावतं त्याचा. बांधकामाच्या वेळचा तक्ता घेऊन बसू नका. मी एकदा बसले होते, आणि अर्धा अहवाल पुन्हा लिहावा लागला. गाळ फक्त तळाशी बसत नाही. नदी जलाशयात शिरते तिथे वरच्या थरातही बसतो, म्हणजे नेमक्या आपल्याला हव्या असलेल्या जागेत. खोली नव्याने मोजून घ्या.

आता हिशेब. समजा, पुराची १ दलघमी (दशलक्ष घनमीटर) जागा पिण्याला द्यायची. म्हणजे १०० कोटी लिटर. १२० दिवस पुरवलं तर दिवसाला ८३ लाख लिटर; माणशी १३५ लिटर धरले तर ६१ हजार माणसांची सोय. बाष्पीभवन आणि गळती वजा केली तरी हे पाणी थोडं नव्हे. हीच जागा पुराच्या बाजूने मोजा. येवा (धरणात येणारं पाणी) विसर्गापेक्षा (सोडलेल्या पाण्यापेक्षा) सेकंदाला १०० घनमीटरने जास्त असेल, तर ती पावणेतीन तासांत भरते.

पावणेतीन तास कमी वाटतात का? अंजुण्याच्या खालच्या अंगाला साखळीच्या बाजारात जाऊन विचारा. वाळवंटी नदी चढायला लागली की तांदळाची पोती फळीवर चढवायची, फ्रीज विटांवर ठेवायचा, पोराबाळांना माडीवर न्यायचं, हे सगळं एवढ्याच वेळात होतं. एका दुकानात मी पुराची खूण पट्टी लावून मोजली. माझ्या कमरेच्या वर होती, आणि चुन्याच्या दोन हातांखालूनही तपकिरी रेघ दिसत होती. अशा खुणा जमवा, तारीख-वेळ विचारा, त्या दिवशीच्या धरणाच्या नोंदवहीशी ताडून बघा. वाळवंटी पुढे मांडवी नदीला मिळते, म्हणून मांडवीच्या भरतीची वेळही सोबत लिहा.

वर्षभरासाठी एकच आकडा ठरवण्याची गरज नाही. आपला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. माझं मत असं की जून-जुलैत जागा मोकळी ठेवावी आणि चवथीनंतर पातळी टप्प्याटप्प्याने चढवावी. हे पटवायला सरासरी पाऊस चालणार नाही. जितक्या वर्षांच्या रोजच्या नोंदी मिळतील, तितकी वर्षं एकेक करून कागदावर नव्या पातळीने धरण चालवून बघा. परतीचा पाऊस जोरात झालेली वर्षं आधी घ्या.

या जागेची किंमत ठरवण्यासाठी अमेरिकेतल्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची (तिथली धरणं सांभाळणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या खात्याची) रीत मला पटते. १९५८ च्या पाणीपुरवठा कायद्यानुसार ते असे अभ्यास करतात. पूरसंरक्षणाचा गमावलेला फायदा, बुडालेला महसूल, तेवढीच सोय दुसरीकडे करण्याचा खर्च आणि साठ्याची आजची बांधकाम-किंमत, या चारांत जी रक्कम मोठी ती धरतात. आपण निदान पहिली तरी मांडायलाच हवी, कारण ती खालच्या गावांनी भरायची असते.

लोकांचं म्हणणं मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा घ्या. अहवालाला दरवाजे उघडण्याचं नवं वेळापत्रक जोडा, आणि धरणाजवळच्या केरी गावात, साखळीत ते मोठ्याने वाचून दाखवा.