एकसारख्या एलईडी चिप्ससाठी कर्नल ड्रायव्हर लिहिताय? या चुका टाळा

लिनक्स कर्नलच्या एलईडी फोल्डरमधे, म्हणजे जिथे एलईडी चालवणाऱ्या चिप्सचे ड्रायव्हर (चिपशी बोलणारा कोड) असतात तिथे, एकाच घराण्यातल्या चिप्स भरपूर आहेत, नावात शेवटचा एखादा आकडा वेगळा, डेटाशीटची निम्मी पानं सारखी, आणि नेमकं इथेच ड्रायव्हर लिहिणाऱ्याचा पाय घसरतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे जुनी फाइल कॉपी करायची, नाव बदलायचं आणि चार रजिस्टर नंबर (चिपमधल्या सेटिंगच्या जागांचे पत्ते) बदलून मोकळं व्हायचं. मी एका प्रोजेक्टवर अशा तीन फाइल्स सांभाळल्यात, त्यात ब्राइटनेस लिहिताना लॉक (एका वेळी एकालाच लिहू देणारं कुलूप) घ्यायचा राहिला होता, तो फिक्स एकाच फाइलमधे गेला आणि बाकीच्या दोन बोर्डांवर एलईडी मधूनच चुकीच्या ब्राइटनेसवर अडकायचे, कारण सापडायला दोन आठवडे गेले. कर्नलमधे हे नीट केलेलं उदाहरण म्हणजे एलपी५५एक्सएक्स हे चिप्सचं घराणं: एलपी५५२१ ला ३ चॅनल (एलईडी जोडायच्या वाटा) आणि एलपी५५२३ ला ९, पण दोघांतही तीन प्रोग्राम इंजिन (एलईडीचे पॅटर्न चिप स्वतःच चालवते ते भाग) आहेत, म्हणून फर्मवेअर लोड करणं, एलईडी रजिस्टर करणं हे सगळं एलपी५५एक्सएक्सच्या कॉमन फाइलमधे ठेवलंय आणि चिपच्या फाइलमधे फक्त त्या चिपचं वेगळेपण राहतं. हे वाचून बघाच, शिकायला फार चांगलं आहे.

याच्या उलटी चूक म्हणजे सगळं एका फाइलमधे कोंबायचं आणि प्रत्येक फंक्शनमधे 'ही चिप असेल तर हे, ती असेल तर ते' लिहीत बसायचं. पाचवी चिप आली की कुठली अट कुठे वाढवायची हे कोणालाच कळत नाही. त्याऐवजी चिपमागे एक कॉन्स्ट स्ट्रक्चर (त्या चिपच्या माहितीचा न बदलणारा तक्ता) करा. आयएस३१एफएल३२एक्सएक्स या दुसऱ्या घराण्याच्या ड्रायव्हरमधे तेच केलंय (चिप्स त्यांच्या शेवटच्या चार आकड्यांनी सांगतोय): ३२३६ ला ३६ चॅनल, ३२३५ ला २८, ३२१८ ला १८, ३२१६ ला १६, आणि पीडब्ल्यूएम रजिस्टर (एलईडीचा उजेड ठरवणारे) कुठून सुरू होतात, अपडेट रजिस्टर कुठलं, हे सगळं त्या स्ट्रक्चरमधे. ३२१६ मधे पीडब्ल्यूएम रजिस्टरचा क्रम उलटा आहे, त्यासाठी एक बूल (हो-नाही व्हॅल्यू) पुरतो, पण तिचा शटडाऊनच वेगळ्या पद्धतीने होतो, म्हणून तिथे फंक्शन पॉइंटर (कुठलं फंक्शन बोलवायचं त्याचा पत्ता) दिलाय. माझ्या मते हाच नियम धरावा, आकडा वेगळा असेल तर डेटा आणि पद्धतच वेगळी असेल तरच फंक्शन.

आता नावावर विश्वास ठेवायची चूक. एलपी५५२१ चे पीडब्ल्यूएम रजिस्टर हेक्स ०२ पासून, एलपी५५२३ चे हेक्स १६ पासून, दोन्हीकडे बेस अधिक चॅनल नंबर केलं की काम होतं, मग माणूस एलपी५५६२ ला पण तेच लावतो. तिथे निळा ०२, हिरवा ०३, लाल ०४ आणि पांढरा एकदम लांब ०ई वर! लाल मागितला आणि निळा लागला किंवा पांढरा लागतच नाही असं झालं तर आधी हे बघा, तिथे पत्त्यांचा छोटा ॲरेच लागतो.

बाजूचाच एलईडी लागत असेल तर डिव्हाइस ट्रीमधला (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमधला) रेग नंबर, म्हणजे एलईडीचा चॅनल नंबर, तपासा, आयएस३१एफएल३२एक्सएक्स मधे तो १ पासून मोजतात आणि पीसीए९६३एक्स या आणखी एका घराण्यात ० पासून. आणि व्हॅल्यू बरोबर लिहिली जातेय पण उजेड बदलत नाही, तर अपडेट रजिस्टरला लिहायचं राहिलंय, या आयएस३१ चिप्स त्याशिवाय नवीन पीडब्ल्यूएम व्हॅल्यू घेतच नाहीत.

एक चूक टेबलावर कधीच पकडली जात नाही, कारण तिथे एकच चिप लावलेली असते. चालू ब्राइटनेस, आयटूसी क्लायंट (आयटूसी या दोन तारांच्या बसवरच्या चिपची कर्नलमधली नोंद) असलं काही स्टॅटिक ग्लोबलमधे, म्हणजे सगळ्या चिप्सना मिळून एकच असलेल्या व्हेरिएबलमधे, ठेवलं की दुसरी चिप प्रोब होताना (ड्रायव्हर तिला जोडला जाताना) पहिलीची माहिती पुसते. असलं सगळं प्रत्येक डिव्हाइसच्या स्वतःच्या मेमरीत हवं. त्या चिपच्या स्ट्रक्चरला कॉन्स्ट लावून ठेवा, म्हणजे चुकून त्यात लिहायला गेलात तर कंपायलरच अडवेल.

टायमर ट्रिगर (एलईडी आपोआप लुकलुकवणारी सोय) लावल्यावर 'शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक', म्हणजे जिथे थांबायला मनाई आहे तिथे कोड थांबला असा एरर, आलं तर तुम्ही आयटूसीचं लिखाण साध्या ब्राइटनेस सेट कॉलबॅकमधे केलंय. आयटूसी झोपू शकतं (उत्तराची वाट बघत थांबू शकतं), त्यामुळे ब्लॉकिंगवाला कॉलबॅक भरा, एलईडी कोअर ते काम वर्कक्यूवर (नंतर सावकाश करायच्या कामांच्या रांगेत) टाकतो.

कॉमन कोड वेगळ्या मॉड्यूलमधे काढला की बिल्डमधे सिंबॉल अनडिफाइंड येतो, बहुतेक वेळा एक्सपोर्ट सिंबॉल (फंक्शन दुसऱ्या मॉड्यूलला वापरू देणारी ओळ) राहिलेला असतो नाहीतर केकॉन्फिगमधे (बिल्डमधे काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या फाइलमधे) कॉमनला सिलेक्ट केलेलं नसतं. घाईत तीच ऑब्जेक्ट फाइल दोन मॉड्यूलमधे जोडू नका आणि फंक्शन्स हेडरमधे पण टाकू नका. कंपॅटिबलमधे (डिव्हाइस ट्रीमधे चिप ओळखायचं नाव) एक्सएक्स लिहू नका, फाइलच्या नावात चालून जाईल पण डिव्हाइस ट्रीमधे चिपचं पूर्ण नाव हवं, नाहीतर उद्या त्याच घराण्यातली वेगळी वागणारी चिप आली की तिला ओळखणार कसं?

रिव्ह्यूला पाठवायच्या आधी एकाच बसवर दोन चिप्स लावा, सगळे चॅनल एकेक करून पेटवा, मग टायमर ट्रिगर चालू ठेवून ड्रायव्हर अनबाइंड (चिपपासून वेगळा) आणि परत बाइंड करा.