द्राक्षवेलींच्या ओळींमध्ये आच्छादन पीक कसे घ्यावे

द्राक्षबागेत दोन ओळींमधली जमीन उघडी राहिली की पावसाचे थेंब थेट मातीवर आदळतात, ढेकळे फुटून बारीक कण छिद्रांत बसतात, वर पापडी धरते आणि मुरायचे पाणी माती घेऊन उताराने वाहून जाते. आच्छादन पिकाने, म्हणजे जमीन झाकण्यासाठी पेरलेल्या पिकाने, ही धूप रोखता येते. मात्र त्या पिकालाही पाणी आणि अन्न लागतेच, म्हणून काय पेरावे यापेक्षा पेरलेले केव्हा कापावे, हे अधिक जपून ठरवावे लागते.

निवड करताना आधी वेलींची वाढ पाहावी. ती मंद असेल तर हवेतील नत्र स्थिर करणारी द्विदल पिके घ्यावीत. उष्ण हंगामात ताग, धैंचा किंवा चवळी, थंड हंगामात वाटाणा. वेली आधीच माजलेल्या असतील, तर सातू किंवा ओट बरे, कारण ही पिके मातीत उरलेला नत्र उचलतात आणि त्यांचे काड सावकाश कुजते.

फळांची काढणी झाल्यावर, जमिनीत पुरेशी ओल असताना वरचा थर हलका भुसभुशीत करावा. खोल नांगरट केल्यास वेलींची मुळे तुटतात. खोडांच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर जागा मोकळी सोडावी. ओळींत ३ मीटर अंतर असेल तर २ मीटरचा पट्टा, म्हणजे दोन तृतीयांश क्षेत्र, पेरणीला मिळते. त्यामुळे तागासाठी हेक्टरी ५० किलोचा दर धरल्यास प्रत्यक्षात सुमारे ३३ किलो बियाणे पुरते. द्विदल बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र स्थिर करणारे जिवाणू) चोळून ते सावलीत सुकवावे आणि २ ते ३ सेंटिमीटर खोल पेरावे. पहिल्या वर्षी एकाआड एक ओळच पेरावी, म्हणजे वेलींवरचा फरक शेजारीच दिसतो.

महिनाभराने एखादे द्विदल रोप खुरप्याने मातीसकट काढावे (उपटल्यास मुळांवरच्या गाठी तुटून जमिनीतच राहतात) आणि गाठ नखाने फोडावी. ती आतून गुलाबी असेल तर नत्राचे काम सुरू आहे, असे समजावे.

ताग किंवा धैंचा फुलोऱ्यावर येऊ लागताच कापावा. उशीर झाल्यास तागाची खोडे वाखाची होतात, रोटाव्हेटरला (माती भुसभुशीत करणाऱ्या फिरत्या पात्यांच्या अवजाराला) गुंडाळतात आणि लवकर कुजत नाहीत. पाण्याची ओढ असेल तर फुलोऱ्याचीही वाट पाहू नये. वेलींना नवी फूट येण्यापूर्वी पीक खाली आलेलेच बरे, कारण उंच वाढीमुळे बागेत दमटपणा कोंडून केवडा या बुरशीसदृश रोगाला वाव मिळतो, तर थंड प्रदेशात दिवसा माती कमी तापल्याने हिमदहाचा (कडाक्याच्या थंडीने कोवळी फूट करपण्याचा) धोका वाढतो.

कापलेले पीक गाडले तर नत्र लवकर मिळतो, पण जमीन पुन्हा उघडी पडते. उताराच्या बागेत ते वरच पसरून ठेवावे. तृणधान्याचे काड मात्र सहसा गाडू नये, कारण ते कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र काही काळ स्वतःच वापरून टाकतात.